प्रार्थनागृहातून संसदेकडे

ब्रिस्टलमध्ये धर्मश्रद्धेतून कायद्यासाठी झगडण्याची परंपरा क्वेकर पंथीयांनी घातली, आणि ती आधी स्वतःच्या बचावासाठीच होती. १६५४ साली जॉन ऑडलंड आणि जॉन कॅम हे दोन प्रचारक उत्तर इंग्लंडमधून एव्हन नदीकाठच्या या बंदरात आले. पुरोहितावाचून, शांत बसून करायची उपासना, शस्त्र न धरण्याचा आणि शपथ न घेण्याचा नियम यांमुळे हा पंथ थोड्याच वर्षांत सत्ताधाऱ्यांच्या डोळ्यांत सलू लागला. १६६४ च्या कायद्याने राजमान्य चर्चबाहेर घरच्या माणसांखेरीज पाचांहून अधिक जणांनी उपासनेसाठी जमणे हा गुन्हा ठरला. त्याची झळ ब्रिस्टलला जितकी लागली तितकी फार थोड्या शहरांना लागली असेल. १६८२ च्या सुमारास इथल्या सभागृहांना टाळी लागली, न्यूगेट आणि ब्राइडवेल हे तुरुंग क्वेकरांनी भरले. मोठी माणसे आत गेल्यावर मुलांनीच सभा चालू ठेवल्या आणि त्यांनाही मार खावा लागला.

या छळाला पंथाने दिलेले उत्तर पुढच्या दोन शतकांच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. प्रत्येक अटक, प्रत्येक दंड, जप्त झालेले प्रत्येक भांडे-कुंडे गावोगावच्या सभा लिहून ठेवू लागल्या. कोणाला, कोणत्या दिवशी, कोणत्या अधिकाऱ्याने, किती किमतीचे नुकसान केले, याचा हा हिशेब लंडनला जाई. तिथे १६७५ पासून एक स्थायी मंडळ याच कामासाठी भरत असे. त्याचे नावही छळाच्या नोंदींवरूनच पडले होते. मंडळातील माणसे संसदेच्या दारात थांबत, सदस्यांना गाठत, कागद हातात ठेवत. १६८९ च्या सहिष्णुता कायद्याने उपासनेची मोकळीक दिली आणि १६९६ च्या कायद्याने क्वेकरांना अनेक बाबतींत शपथेऐवजी साधी प्रतिज्ञा करण्याची मुभा मिळाली. धर्मोपदेशाने मन वळेल न वळेल, पण तारीखवार नोंदीपुढे मंत्र्यालाही उत्तर द्यावे लागते, हा धडा या पंथाने तेव्हाच घेतला.

छळ संपला तशी सुबत्ता आली. सरकारी नोकरी आणि विद्यापीठ यांची दारे बंद असल्याने क्वेकरांनी व्यापार धरला आणि त्यात ते तरबेज झाले. ब्रिस्टलचा व्यापार मात्र त्या काळी कोणत्या मालावर उभा होता हे लपलेले नव्हते. आफ्रिकेच्या व्यापारावरची रॉयल आफ्रिकन कंपनीची मक्तेदारी १६९८ मध्ये मोडली आणि ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांना वाट मोकळी झाली. १७३० च्या दशकात या धंद्यात हे शहर लंडनच्याही पुढे गेले. नंतर लिव्हरपूलने त्याला मागे टाकले. १८०७ पर्यंत ब्रिस्टलहून आफ्रिकेकडे दोन हजारांहून अधिक फेऱ्या झाल्या आणि सुमारे पाच लाख माणसे गुलाम म्हणून अटलांटिकपार नेली गेली. जहाजे इथून पितळेची भांडी, कापड, बंदुका घेऊन निघत, आफ्रिकेत त्या मालावर माणसे घेत आणि परतताना साखर व तंबाखू आणत. शहरातील पितळेच्या उद्योगात क्वेकरांचा मोठा वाटा होता. क्लिफ्टनचे गोल्डनी घराणेही याच पंथातले; त्यांचा पैसा १७०८ मध्ये ब्रिस्टलहून निघालेल्या खासगी लढाऊ जहाजांच्या मोहिमेतही होता. शस्त्र न धरणाऱ्या पंथातल्या व्यापाऱ्याने तोफांच्या जहाजांत भांडवल घालावे, हे त्या पंथालाही बोचल्याशिवाय राहिले नसणार.

म्हणूनच गुलामांच्या व्यापाराविरुद्धचे पहिले पाऊल संसदेकडे नव्हे, पंथाच्या आतच पडले. लंडनच्या वार्षिक सभेने १७२७ मध्ये या धंद्याचा निषेध केला आणि १७६१ मध्ये त्यात गुंतलेल्या सभासदाला पंथाबाहेर काढण्याचा निर्णय घेतला. या दोन निर्णयांत चौतीस वर्षांचे अंतर आहे. विवेक जागा व्हायला एवढा वेळ लागत नाही. खाती बंद करायला लागतो. घरची झाडलोट झाल्यावर १७८३ मध्ये २७३ क्वेकरांच्या सह्यांचा अर्ज संसदेत गेला. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध तिथे पोहोचलेला असा हा पहिलाच सार्वजनिक अर्ज. दोन वर्षांनी ब्रिस्टलपासून जवळच असलेल्या ब्रिजवॉटर या लहानशा गावाने स्वतःचा अर्ज पाठवला. गावाच्या नावाने गेलेला तो पहिला. दोन्ही अर्ज मेजावर पडून राहिले.

२२ मे १७८७ रोजी लंडनमध्ये बारा जणांची समिती स्थापन झाली. त्यांतले नऊ क्वेकर होते. क्वेकर माणसाला शपथेमुळे संसदेत बसता येत नव्हते आणि त्याचा पोशाख व बोलणे लोकांच्या चेष्टेचा विषय होता. म्हणून पुढे उभे राहायला राजमान्य चर्चमधली माणसे लागत. समितीने केंब्रिजचा पदवीधर तरुण थॉमस क्लार्कसन याला पुरावे गोळा करायला धाडले आणि त्याचा पहिला मोठा मुक्काम ठरला ब्रिस्टल.

क्लार्कसन त्या उन्हाळ्यात घोड्यावरून शहराच्या वेशीवर आला तेव्हा आपण काय अंगावर घेतले आहे या विचाराने तो धास्तावला होता, असे त्याने पुढे १८०८ च्या आपल्या इतिहासग्रंथात लिहून ठेवले. त्याला हात दिला तो स्थानिक क्वेकरांनी. त्यांतला हॅरी गँडी पूर्वी खलाशी म्हणून गुलामांच्या जहाजावर गेलेला होता. त्याची साक्ष ऐकीव नव्हती. पण शहरातली बाकीची बोलकी माणसे सभागृहात नव्हे, दारूच्या गुत्त्यांत भेटणार होती. ‘सेव्हन स्टार्स’ या गुत्त्याचा मालक थॉम्पसन गुलामांच्या जहाजांसाठी खलाशी पुरवायला तयार नसे. त्याने क्लार्कसनला रात्री-रात्री मार्श स्ट्रीटच्या गुत्त्यांमधून फिरवले. खलाशांना दारू पाजून बेशुद्ध करायचे, उधारी वाढवायची आणि मग जहाज किंवा तुरुंग यांतून एक निवडायला लावायचे, ही भरतीची रीत त्याने डोळ्यांनी पाहिली.

दिवसा तो वेगळ्याच जागी बसे: मर्चंट व्हेंचरर्स या व्यापारीसंघाच्या दप्तरात. जखमी व निराधार खलाशांच्या निधीसाठी तिथे जहाजांचे हजेरीपट ठेवलेले असत. कोण चढले, कोण पळाले, कोण वाटेत मेले, हे सारे त्यात होते. क्लार्कसनने ते पानोपान उतरवून घेतले. त्यातून निघालेला निष्कर्ष विरोधकांना अनपेक्षित होता. गुलामांचा व्यापार म्हणजे ब्रिटिश नौदलाला तयार खलाशी पुरवणारी शाळा, असा वेस्ट इंडीजमधल्या मळेवाल्यांचा ठरलेला युक्तिवाद असे. हजेरीपट सांगत होते की ही शाळा कमी आणि स्मशान अधिक. आफ्रिकेकडे जाणाऱ्या जहाजांवर खलाशांचे मरण्याचे प्रमाण इतर कोणत्याही समुद्री व्यापारापेक्षा जास्त होते. आफ्रिकी माणसाच्या यातनांनी न हललेला खासदार इंग्रज खलाशाच्या मरणाने हलेल, हा हिशेब त्यामागे होता. तो नीतीच्या दृष्टीने फारसा उंच नव्हता, पण राजकारणाच्या दृष्टीने अचूक होता. व्यापाऱ्यांनी आपल्याच दप्तरात आपल्याविरुद्धचा पुरावा जपून ठेवला, हे त्या इमारतीत कोणाच्या ध्यानात आले नव्हते. अशा जहाजांवर चार फेऱ्या केलेला शल्यवैद्य अलेक्झांडर फाल्कनब्रिज इथेच क्लार्कसनला येऊन मिळाला. त्याने १७८८ मध्ये आपला वृत्तांत छापला आणि पुढे संसदेच्या समितीपुढे साक्षही दिली.

क्वेकरांच्या पलीकडे शहरातले इतर पंथही आता हलू लागले होते. ब्रॉडमीडमधील ‘न्यू रूम’ हे मेथडिस्टांचे पहिले प्रार्थनागृह. जॉन वेस्ली यांनी ते १७३९ मध्ये उभारायला घेतले. गुलामगिरीविरुद्धची त्यांची पुस्तिका १७७४ मध्येच निघाली होती. मार्च १७८८ मध्ये त्यांनी आधी जाहीर करून याच विषयावर न्यू रूममध्ये प्रवचन केले. सभागृह खचाखच भरले होते. प्रवचन अर्ध्यावर असताना एकाएकी मोठा आवाज झाला, घबराट पसरली, बाके मोडली, आणि काही मिनिटांनी सारे शांत झाले. कारण कोणालाच कळले नाही. वेस्लींनी आपल्या रोजनिशीत त्यात सैतानाचा हात पाहिला. व्यापाऱ्यांच्या शहरात असा विषय व्यासपीठावर घेण्याचा ताण मात्र या प्रसंगातून स्पष्ट दिसतो.

त्याच वर्षी ब्रिस्टलजवळच जन्मलेल्या आणि तिथेच शाळा चालवलेल्या हॅना मोर यांनी गुलामगिरीवर दीर्घ कविता प्रसिद्ध केली. क्लिफ्टनमध्ये दूध विकणाऱ्या अ‍ॅन यर्सली या कवयित्रीनेही केली. एकीला मोठ्यांच्या दिवाणखान्यात मान होता, दुसरीला एकेकाळी तिचाच आश्रय होता आणि पुढे दोघींचे बिनसले होते. विषय मात्र एकच राहिला. १७८८ मध्येच शहरात स्थानिक समिती झाली आणि ब्रिस्टलचा अर्ज संसदेकडे गेला. देशभरातून त्या वर्षी शंभरावर अर्ज पोहोचले. संसदेने जहाजाच्या वजनाच्या प्रमाणात किती गुलाम भरावेत याची मर्यादा घालणारा कायदा केला. पुरते थांबवण्याऐवजी दाटी कमी करणारा तो कायदा होता.

विरोधकही हातावर हात ठेवून बसले नव्हते. १७८९ मध्ये ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांनी आणि साखरवाल्यांनी सभा घेऊन उलटे अर्ज धाडले. एप्रिल १७९१ मध्ये खासदार विल्यम विल्बरफोर्स यांचा बंदीचा ठराव ८८ विरुद्ध १६३ मतांनी पडला. बातमी ब्रिस्टलला येताच चर्चच्या घंटा वाजल्या, ब्रँडन टेकडीवर तोफा डागल्या, होळ्या पेटल्या, कामगारांना आणि खलाशांना अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली. याच शहराच्या प्रार्थनागृहांनी बंदीची मागणी केली होती आणि याच शहरातल्या घंटांनी तिच्या पराभवाचा आनंद केला. ब्रिस्टलच्या धार्मिक इतिहासाचे चित्र यापेक्षा सोपे करून मांडता येत नाही.

पराभवानंतर चळवळ स्वयंपाकघरात शिरली. गुलामांच्या मळ्यांतली साखर घ्यायची नाही, असा प्रचार १७९१ पासून देशभर झाला आणि घरखर्चाची सूत्रे ज्यांच्या हाती होती त्या स्त्रियांनी तो चालवला. साखरेच्या भट्ट्या असलेल्या ब्रिस्टलमध्ये हा बहिष्कार शेजाऱ्याच्याच पोटावर येणारा होता. १७९५ मध्ये तरुण कवी सॅम्युएल टेलर कोलरिज यांनी बंदरावरच्या एका कॉफीगृहात व्याख्यान देऊन साखर खाणाऱ्या भाविकांनाच धारेवर धरले. दरम्यान १७९२ मध्ये ५१९ अर्ज संसदेत गेले होते. पण फ्रेंच राज्यक्रांतीच्या भीतीने आणि युद्धाने सारे मागे पडले. व्यापारबंदीच्या कायद्यावर राजाची मोहोर उठली ती २५ मार्च १८०७ रोजी.

व्यापार थांबला तरी वेस्ट इंडीजमधील गुलामगिरी चालूच राहिली आणि ब्रिस्टलचे साखरवाले पूर्वीइतकेच वजनदार होते. १८३० च्या निवडणुकीत एकाच व्हिग पक्षाचे दोन उमेदवार समोरासमोर आले: मळेवाल्यांचे जेम्स ईव्हन बेली आणि गुलामगिरीविरोधी एडवर्ड प्रोथेरो. जिंकले बेली. या टप्प्यावर नेटाने उतरलेला पंथ बॅप्टिस्टांचा. विल्यम निब हा तरुण ब्रिस्टलमध्ये छापखान्यात काम शिकला आणि १८२४ मध्ये, भावाच्या मृत्यूनंतर त्याच्या जागी, मिशनरी शिक्षक म्हणून जमैकाला गेला. १८३१ च्या अखेरीस तिथे सॅम्युएल शार्प या गुलाम बॅप्टिस्ट उपदेशकाच्या पुढाकाराने उठाव झाला, तो क्रूरपणे दडपला गेला आणि गोऱ्या मळेवाल्यांनी बॅप्टिस्टांची प्रार्थनागृहे जाळली. निब १८३२ मध्ये इंग्लंडला परतला, गावोगाव बोलला आणि संसदेच्या समित्यांपुढे साक्षीला उभा राहिला. १८३३ मध्ये ५,००० हून अधिक अर्ज संसदेत आले. त्यांतल्या स्त्रियांच्या एका अर्जावर १ लाख ८७ हजार सह्या होत्या. त्या वर्षीच्या कायद्याने गुलामगिरी संपवली, पण २ कोटी पौंडांची भरपाई मालकांना दिली, गुलामांना काही नाही. वर मुक्त झालेल्यांना ‘उमेदवारी’च्या नावाखाली आणखी काही वर्षे जुन्याच मालकांकडे राबावे लागणार होते. ही पळवाट बंद करण्यासाठी पुन्हा मोहीम उभी करणारे जोसेफ स्टर्ज हे ब्रिस्टलजवळच्या एल्बर्टन गावचे क्वेकर. ते स्वतः वेस्ट इंडीजला जाऊन नोंदी घेऊन आले आणि १८३८ मध्ये ती पद्धतही गेली.

कायदा मागणाऱ्यांच्या विरुद्ध बाजूला धर्मसत्ता उभी राहिली की काय होते, याचाही अनुभव या शहराने त्याच वर्षांत घेतला. मतदानसुधारणेचे विधेयक १८३१ मध्ये उमराव सभेत पडले. विरोध करणाऱ्यांत ब्रिस्टलचे बिशपही होते. ऑक्टोबरअखेरच्या दंगलीत जमावाने त्यांचा वाडा जाळून टाकला.

या धामधुमीच्या काळात राजा राममोहन रॉय इंग्लंडमध्ये होते. सतीबंदीविरुद्ध सनातन्यांनी केलेले अपील १८३२ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने फेटाळले, तेव्हा बंदीच्या बाजूचा अर्ज घेऊन ते लंडनला हजर होते. म्हणजे ब्रिस्टलच्या पंथांनी वापरलेले साधन हिंदुस्थानातला सुधारकही त्याच संसदेपुढे त्याच काळात वापरत होता. एकेश्वरवादामुळे त्यांचे सूत युनिटेरियन पंथाशी जुळले होते. त्या पंथाचे ब्रिस्टलमधील उपदेशक लँट कार्पेंटर यांच्या ओढीने ते सप्टेंबर १८३३ मध्ये तिथे आले आणि २७ सप्टेंबरला स्टेपलटन इथे वारले. दहा वर्षांनी द्वारकानाथ टागोरांच्या पुढाकाराने त्यांचे अवशेष आर्नोस व्हेल दफनभूमीत नेण्यात आले. तिथे बंगाली धाटणीची छत्री आजही उभी आहे.

लँट यांची मुलगी मेरी कार्पेंटर हिने हा दुवा पुढे चालवला, आणि मुंबई इलाख्यापर्यंत नेला. मेरीबाईंनी १८४६ मध्ये लुइन्स मीडच्या गलिच्छ वस्तीत रस्त्यावरच्या मुलांसाठी फुकट शाळा काढली. तिथल्या मुलांना भुरट्या चोरीसाठी मोठ्या गुन्हेगारांबरोबर तुरुंगात टाकले जात होते. त्यांनी तुरुंगांचे अहवाल, दंडाधिकाऱ्यांचे अनुभव आणि खर्चाचे आकडे जमवून १८५१ मध्ये पुस्तक लिहिले, पुढच्या वर्षी संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली आणि किंग्जवुड इथे सुधारगृह प्रत्यक्ष चालवूनही दाखवले. १८५४ च्या कायद्याने बालगुन्हेगारांसाठी सुधारगृहांना सरकारी मान्यता मिळाली. त्याच वर्षी मुलींसाठी ‘रेड लॉज’ सुरू झाले. मुलाला सुधारगृहात पाठवण्याआधी काही दिवस तुरुंगात ठेवण्याची अट मात्र कायद्यात राहिली. मेरीबाईंचा तिला शेवटपर्यंत विरोध होता.

१८६६ मध्ये, वयाच्या साठीला टेकल्यावर, त्या प्रथम हिंदुस्थानात आल्या आणि दहा वर्षांत एकूण चार वेळा आल्या. मुंबई, सुरत, अहमदाबाद, मद्रास, कलकत्ता इथल्या शाळा, इस्पितळे आणि तुरुंग त्यांनी पाहिले. मुलींना शिकवायला देशी शिक्षिकाच नाहीत हे त्यांनी हेरले आणि त्या घडवणाऱ्या शाळांसाठी सरकारकडे अनुदानाचा आग्रह धरला. १८७० मध्ये त्यांनी ब्रिस्टलला नॅशनल इंडियन असोसिएशन स्थापन केले. बालगुन्हेगारांसाठी सुधारगृहांचा कायदा हिंदुस्थानात १८७६ मध्ये झाला. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाचे असे गृह १८५७ पासूनच होते. युनिटेरियनांचा हा धागा मराठी मुलखात पुढेही दिसतो: प्रार्थना समाजाचे विठ्ठल रामजी शिंदे याच पंथाच्या साह्याने १९०१ मध्ये ऑक्सफर्डला शिकायला गेले आणि परतल्यावर १९०६ मध्ये त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले. गुलामगिरीविरोधी चळवळीचा मराठीतला सर्वांत थेट पडसाद मात्र त्याआधीचा. जोतीराव फुल्यांनी १८७३ चे आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या लोकांना अर्पण केले होते. त्या अमेरिकी चळवळीला ब्रिस्टलहून दीर्घकाळ बळ मिळत आले होते. १८४६ मध्ये गुलामगिरीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस इथे येऊन बोलले होते आणि डॉक्टर जॉन एस्टलिन व त्यांची मुलगी मेरी हे युनिटेरियन कुटुंब तिला पैसा व पत्रव्यवहार पुरवत असे.

हीच मेरी एस्टलिन पुढच्या लढ्यात दिसते. १८६४ ते १८६९ च्या तीन कायद्यांनी छावणीच्या गावांत वेश्या असल्याचा नुसता संशय आला तरी स्त्रीची सक्तीने वैद्यकीय तपासणी करता येत असे. पुरुषाला काही नाही. १८६९ च्या शरद ऋतूत ब्रिस्टलमध्ये भरलेल्या समाजविज्ञान परिषदेत या कायद्यांविरुद्ध संघटित विरोधाला तोंड फुटले. जोसेफिन बटलर यांच्या नेतृत्वाखालील स्त्रियांच्या संघटनेत ब्रिस्टलच्या क्वेकर प्रीस्टमन भगिनी आघाडीवर होत्या. सभ्य घरातल्या स्त्रीने हा विषय तोंडाने काढणेच तेव्हा लाजिरवाणे मानले जाई. सतरा वर्षांनी, १८८६ मध्ये, ते कायदे रद्द झाले. हिंदुस्थानातला तसाच कायदा १८८८ मध्ये गेला.

विसाव्या शतकात या परंपरेचा जोर ओसरला. १९१६ मध्ये सक्तीची लष्करभरती आली तेव्हा संसदेतील क्वेकर सदस्यांच्या प्रयत्नाने सदसद्विवेकाच्या कारणावरून सूट मागण्याचे कलम कायद्यात आले. ब्रिस्टलचे नगरसेवक वॉल्टर एल्स यांना मात्र भरतीविरोधासाठी तुरुंगात जावे लागले. अशा कैद्यांना मदत करणाऱ्या मेबल टॉथिल या क्वेकर बाई १९२० मध्ये शहराच्या पहिल्या नगरसेविका झाल्या.

१९६३ च्या बस-बहिष्काराच्या वेळी तर चर्चचा आवाज मागेच राहिला. ब्रिस्टल ऑम्निबस कंपनी काळ्या व आशियाई माणसांना वाहक-चालक म्हणून घेत नव्हती. पॉल स्टीफन्सन आणि वेस्ट इंडियन कार्यकर्त्यांनी ३० एप्रिलपासून बहिष्कार पुकारला. शहरातील चर्चच्या मंडळाने मध्यस्थीची तयारी दाखवली, पण संघर्ष मुद्दाम पेटवल्याबद्दल बहिष्कारवाल्यांनाच दोष दिला. २८ ऑगस्टला कंपनी नमली आणि सप्टेंबरमध्ये रघबीर सिंग हे शीख गृहस्थ तिचे पहिले बिगरगोरे वाहक झाले. १९६५ च्या वंशसंबंध कायद्याने सार्वजनिक ठिकाणचा भेदभाव बेकायदा ठरवला. नोकरीतला भेदभाव, म्हणजे ब्रिस्टलचा मूळ तंटा, कायद्याच्या कक्षेत आला तो १९६८ मध्ये.